पुसलेल्या बंदुका

आतापर्यंतच्या आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं काम मी एका रविवारी सकाळी, चहा पिता पिता, दहा मिनिटांत उरकलं. कुणी बळजबरी केली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

आम्ही आइंडहोवनला राहतो. मी संगणकाच्या चिप घडवणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. सूक्ष्म छायाचित्रांतले डाग शोधायचे, हे माझं काम. शेजारच्या घरात एक ऐंशीच्या पुढचे इराणी गृहस्थ एकटे राहतात, मूळचे तबरीझ शहरातले. माझी दहा वर्षांची मुलगी त्यांना ओपा म्हणते, म्हणजे इथल्या डच भाषेत आजोबा. तिचे सख्खे आजोबा पुण्याहून फोनच्या पडद्यावर येतात आणि ‘जेवलीस का?’ एवढंच विचारतात. ओपा गोष्टी सांगतात. त्यामुळे कोणाची चलती, हे सांगायला नकोच.

इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गापुढे उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. त्याला स्प्रेकबर्ट म्हणतात. बाकीची मुलं ससा, घोडा, फुटबॉल घेतात. हिने तबरीझ घेतलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इराणच्या शाहने, म्हणजे राजाने, लोकांनी मिळवलेली राज्यघटना मोडीत काढली आणि राजधानीतल्या संसदेवर तोफा डागल्या. तबरीझने मात्र हत्यारं उचलली. शाहच्या फौजेपुढे एकेक मोहल्ला घरांवर पांढरी फडकी लावत गेला, शेवटी एकच मोहल्ला लढत राहिला, आणि त्याच्या जोरावर बाकीचे पुन्हा उभे राहिले. पुढे वेढा पडला, पीठ संपलं, लोकांनी गवत खाल्लं, पण शाहच्या फौजेला शहर घेता आलं नाही. ओपांनी तिला हे सगळं सांगितलं आणि एक फोटो दिला. पोत्यांच्या आडोशाला बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात बंदूक. उजवीकडचा सगळ्यात तरुण, खोगिरं शिवणारा, तो ओपांचा आजोबा. देश सोडताना ओपांनी जे थोडंफार आणलं, त्यात हा फोटो होता. मुलीने स्कॅन करून मूळ फोटो त्याच दिवशी परत नेऊन दिला.

नेमका त्याच सुमारास आमचा नागरिकत्वाचा अर्ज आत गेला होता. इथे नागरिकत्वाच्या हुकमावर राजाची सही लागते. मी सहज म्हणून मराठी मंडळातल्या एका मित्राला फोटोचं बोललो, तर तो उसळलाच.

“अरे, वेडा आहेस का? इराण काय, बंदुका काय! राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडणारे लोक! फाईल प्रोसेसमध्ये आहे ना तुझी? शाळेने कुठे काही रिपोर्ट केलं तर? कशाला विषाची परीक्षा?”

बायकोला सांगितलं, तर ती हसली. “दहा वर्षांच्या पोरीचं भाषण आहे ते. राजा येणारे का ऐकायला?”

बरोबर बोलत होती. पण भीती एकदा पोटात शिरली की बरोबर-चूक कोण बघतो? आणि भित्रा कोण, तर मी. शिवजयंतीला ढोल बडवणारा, फोनवर डीपी म्हणून किल्ला आणि त्यावर भगवा लावणारा. पूर्वजांच्या तलवारींवर मिशा पिळायच्या आणि दुसऱ्याच्या पूर्वजाची बंदूक दिसली की चड्डी ओली. थू!

तर रविवारी मुलगी पोहायला गेली असताना मी तिची फाईल उघडली. आता या कामाला अक्कलही लागत नाही, वस्तूवर बोट फिरवलं की वस्तू गायब. बाराच्या बारा बंदुका गेल्या, काडतुसांचे पट्टे गेले. मागच्या पोत्यांचा पोतही मी नीट जुळवला. डाग शोधणाऱ्याला डाग घालवणंही जमतं. संध्याकाळी तिला म्हटलं, “फोटो जरा साफ केलाय गं.” ती म्हणाली, “थँक्स, बाबा.” बघितलंही नाही तिने. बापाने केलंय म्हणजे चांगलंच केलं असणार.

भाषणाला शिक्षिकेने मला आणि ओपांना मागे बसू दिलं. ओपा कोट घालून, दाढी करून आले होते. मुलगी छान बोलत होती. मग मोठ्या पडद्यावर फोटो आला, आणि मी काय केलंय ते मला पहिल्यांदा धड दिसलं. बारा माणसं, रिकामे हात. कुणाचा हात वर राहिलेला, कुणाचे दोन्ही हात काहीतरी मागितल्यासारखे पुढे.

“हे उजवीकडचे ओपांचे आजोबा,” ती पाठ केलेलं म्हणायला लागली, “आणि त्यांच्या हातातली बंदूक...” तिचं बोट पडद्यावर थांबलं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “हे शरण आलेत का?”

माझ्या मुलीने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे कान लाल झाले. “नाही,” ती डचमध्ये म्हणाली. “बंदुका होत्या. माझ्या बाबांनी पुसल्या.”

वर्ग हसला. त्यांना ती गंमत वाटली. ओपांनी मांडीवरच्या पिशवीतून मूळ फोटो काढला, खिडकीकडे धरला आणि अंगठ्याने एकेक बंदूक चाचपून बघितली. त्या अजून तिथेच आहेत ना, याची खात्री करून घेत होते बिचारे.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना अर्जाचं सांगितलं. मुलांचं भविष्य वगैरे, जे सगळे सांगतात ते.

“समजतं मला,” ते म्हणाले. “पांढरी फडकी लावणाऱ्यांनाही मुलंबाळं होती.”

ओपा सावकाश आपल्या सायकलीकडे गेले. शाळा सुटली होती; ते सायकल हातात धरून निघाले आणि मुलगी त्यांच्यासोबत चालत घरी गेली.

काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. कुणी शाळेबद्दल विचारलं नाही, फोटोबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. मित्राने पेढे मागितले, मी दिले.

पुढच्या वर्षीही मुलीचं स्प्रेकबर्ट होतं. ते झाल्याचं मला आठवड्याने शिक्षिकेकडून कळलं. मागे बसायला मुलीने फक्त ओपांना नेलं होतं.