आबांच्या बेलचा कोड

आबांची वाचा गेली त्या आठवड्यात, खरं सांगायचं तर, मला हायसं वाटलं. माझे वडील फौजेच्या सिग्नल्समधून, म्हणजे बिनतारी संदेशांच्या दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत त्यांनी आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्येही सुभेदारीच केली. झटक्याने उजवी बाजू लुळी पडली, जीभ आणि घसा निकामी झाला. डावा हातही अंथरुणावरून उचलवत नव्हता, फक्त त्याची तर्जनी हलायची. डोकं मात्र शाबूत आहे, त्यांना सगळं कळतंय, असं डॉक्टर म्हणाले.

"इतकी वर्षं बाल्कनीत सोल्डरिंग करतोयस ना, यार," बायको म्हणाली, "एकदा घराच्या उपयोगाचं काहीतरी कर. आबांना बेल बनवून दे."

ऑफिसातून आलं की वायरलेस बोर्ड घेऊन बसायचं हा माझा जुना नाद. मी लाल किल्ल्यासमोरच्या मार्केटातून दोन छोटे बोर्ड आणले, एक मोठं बटण आणि एक बझर. बटण आबांच्या तर्जनीखाली बांधलं, बझर स्वयंपाकघरात लावला. काम नीटनेटकं झालं होतं. बायकोने शेजारणीला बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बझर वाजला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. छोटा, लांब, लांब, छोटा. मग पुढचं अक्षर, मग त्याच्या पुढचं. आबा मोर्समध्ये, तारेच्या छोट्या-लांब टिकटिकीच्या लिपीत, बोलत होते. रोमन अक्षरांत, पण मराठी. "पंखा कमी कर."

घरात मोर्स येणारा दुसरा माणूस मीच. ते मला कसं येतं हेही सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शाळेतून आलो की रोज तासभर आबा टेबलावर पेन्सिल आपटायचे आणि मी वहीत अक्षरं उतरवायची. एक अक्षर चुकलं की लाकडी पट्टीची कड बोटांच्या सांध्यांवर. मी रडायला लागलो की ते तोंडाने काही बोलायचे नाहीत. पेन्सिलनेच वाजवायचे, "रडू नकोस", आणि ते उतरवताना चुकलं तर आणखी एक. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. वर्षभरात माझी चूक व्हायची बंद झाली, आणि माझं त्यांच्याशी बोलणंही.

"हे काय चाललंय?" बझर थांबेना तेव्हा बायकोने विचारलं. "आबा असं वेड्यासारखं का दाबतायत?"

"हात थरथरतो त्यांचा," मी म्हणालो. "कोडमध्ये ठीक करतो."

आमच्या नादातली ही अगदी पहिल्या धड्यातली गोष्ट आहे. बटण एकदा दाबलं तरी आतले पत्रे क्षणभर थरथरतात आणि चिपला वाटतं, दहादा दाबलं. म्हणून कोडमध्ये लिहायचं असतं की एकदा दाबल्यावर पन्नास मिलिसेकंद काही ऐकू नकोस. याला डिबाउन्स म्हणतात. मी तिथे पन्नास मिलिसेकंदांच्या जागी एक मिनिट लिहिलं. आता आबांनी अख्खं वाक्य वाजवलं तरी स्वयंपाकघरात एकच टिंग व्हायचं.

बायको खूश झाली. बेल वाजली की ती जायची आणि विचारायची, "पाणी? पंखा? कूस बदलायची?" आबा डोळे मिटून हो म्हणायचे. तिच्या यादीत असेल तेवढंच त्यांना हवं असायला परवानगी होती.

रविवारी सेक्टरमधल्या आमच्या हौशी मंडळींच्या बैठकीत मी ती बेल नेली. एकाने कोड वाचून विचारलं, "भाई, एक मिनिट का डिबाउन्स? इतना क्यों?" मी म्हणालो, "पेशंट के हाथ में ट्रेमर है." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांसाठी इतका विचार करणारा मुलगा म्हणून माझा फोटोही काढला. मी फोटोत हसतोय.

आबा वाजवत राहिले. बझर गप्प असला तरी बटणाचा खटका खोलीत ऐकू यायचा, दाबताना एक आणि सोडताना एक. दिवसा त्यांच्याजवळ असणारी बाई तक्रार करायची, "साहब, बाबूजी दिन भर टिक-टिक करते हैं." मी दाराशी उभा राहून ते खटके वाचायचो. आज वार कोणता. खिडकी उघड. दाढी कर. मी वाचायचो आणि निघून जायचो. मला बरं वाटत होतं. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटत होतं.

एका रविवारी दुपारी बायको बाहेर गेली होती, त्या बाईची सुट्टी होती आणि आबा एकच शब्द वाजवत होते. पाठ. पाठ. पाठ. मी ऐकलं आणि मॅच बघायला गेलो. सोमवारी त्या बाईने अंग पुसताना त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा कमरेजवळ चामडी सोलवटली होती. बायको रडली. "आपल्याला कळलंच नाही रे," ती म्हणाली. मी मलम आणायला खाली गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी आबांचे युनिटमधले जुने जोडीदार जनकपुरीहून मेट्रोने भेटायला आले. पलंगाशी खुर्ची ओढून गप्पा मारत होते, एकटेच. आबांच्या बोटाखाली खटका सुरू झाला आणि ते बोलता बोलता थांबले. मग त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर नखाने उत्तर द्यायला सुरुवात केली, छोट्यासाठी टिचकी, लांबसाठी घासणं. मी दाराबाहेर उभा होतो. मला एक अक्षरही चुकलं नाही.

"पोराला येत नाही?" काकांनी नखानेच विचारलं.

"येतं. माझ्यापेक्षा चांगलं."

"मग?"

"स्टेशन ऐकतंय. उत्तर देत नाही."

काकांचं नख परत वाजलं, "सुनेला सांगू?"

"नको. तिला त्याच्याबरोबर राहायचंय."

काकांनी चहा घेतला नाही. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. "कान ठीक आहेत ना तुझे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो, काका." लिफ्ट आली, ते आत गेले आणि दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी मी एक मिनिट खोडून पन्नास मिलिसेकंद लिहिले. आबांच्या खोलीत जाऊन स्वतः बटण दाबून पाहिलं, छोटं दाबलं की स्वयंपाकघरात बझर छोटा वाजला, लांब दाबलं की लांब. आबांना ते भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं असणार. मग मी पलंगाशी बसलो आणि दांड्यावर वाजवलं, "आबा, बोला. ऐकतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट बटणावर होतं. मग त्यांनी बोट हळूहळू सरकवत बटणावरून बाजूला घेतलं आणि चादरीवर ठेवलं.

पुढे चार महिने ते होते. काही हवं असलं की बटण एकदा दाबायचे, आणि तेही मी ऑफिसला गेल्यावर, बायको घरात असताना.