मॅडमच्या नावावरचा आकडा

सुनीती रणपिसे मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा मला रडू आलं नाही, आधी धास्तीच वाटली. अकरा वर्षं जी गोष्ट त्यांना आज सांगू, उद्या सांगू म्हणत होते, ती आता सांगायची कुणाला...

मॅडम माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गोष्टींची समीकरणं, म्हणजे अवकल समीकरणं, संगणकावर टप्प्याटप्प्याने सोडवण्यात त्यांची हयात गेली. नदीचं पाणी कुठवर चढेल, हेही त्या तसंच काढत. नियम एकच: टप्पा निम्मा करून सगळं गणित पुन्हा करायचं, दोन्ही उत्तरं जुळली तरच तोंड उघडायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मॅडम, उत्तर आलंय की!" "आलंय ना? मग बसव त्याला. दुसरं यायचंय अजून."

अकरा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडायचं होतं. मॅडम वर्गावर होत्या, दुसरं गणित चालू होतं आणि त्यांच्या केबिनमधला फोन तिसऱ्यांदा वाजला. मी एकटीच आत गेले. "अहो, पाणी शिरणार की नाही, एवढंच सांगा!" सरकारी कचेरीतले साहेब खेकसले. नदीकाठच्या वस्तीत शिरणार नाही, असं पहिलं उत्तर सांगून मी मोकळी झाले. वीस मिनिटांत दुसरं उत्तर आलं. शिरणार होतं! निरोप मिळताच मॅडम वर्ग सोडून धावत आल्या, कचेरीला फोन लावला. "आमच्याकडून सांगितलं?" असं फोनवर विचारत त्यांनी आम्हा चौघी विद्यार्थिनींकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "हो, आधीचा आकडा चुकला. चूक माझी. माणसं हलवा, आत्ताच्या आत्ता."

माणसं वाचली, पण घरातलं सगळं तिथंच राहिलं. मॅडमना कचेरीने पुन्हा कधी बोलावलं नाही. मला मात्र नोकरी लागली, तीही त्यांच्याच शिफारशीवर.

मॅडमना आदरांजली वाहायला ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कचेरीतले तेच साहेब बोलायला उठले. "एवढ्या विदुषी, पण एकदा त्यांचाही आकडा चुकला होता." लोक मायेने हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या यजमानांना गाठलं. "काका, तो आकडा मी दिला होता."

काका मॅडमच्या टेबलावरचे कागद आवरत होते. "माहीत आहे. सुनीतीनं त्याच दिवशी सांगितलं मला. म्हणाली, मी विचारणार नाही, ती आपणहून बोलेल."

काकांनी कागद खाली ठेवले.

"तू घरी आलीस की मला भाजी आणायला पिटाळायची. म्हणायची, आज सांगेल बहुतेक..."