गुप्त कोड मीच वाटून टाकला, आणि मासळी पडून राहिली

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहिते. चौथी शिकलेय, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

मरोळला मासळी विकते मी. नात सोनलने मोबाईलवर एआय लावून दिलंय. रोज सकाळी ताजं काय आलं ते तेच गिऱ्हाइकांना कळवतं, ऑर्डरही घेतं. आज एकही ऑर्डर नाही. स्क्रीनवर नुसती लाल अक्षरं.

"आजी, ते म्हणतंय ओळख पटली नाही."

"कोणाची गं? माझी?"

सोनलने फोन बंद-चालू केला, एआय चालवायचा गुप्त कोड पुन्हा टाकला. तेच. मग एआयवाल्या कंपनीचा मेल सापडला. आमचा कोड भलतेच लोक वापरत होते, म्हणून त्यांनी तो बंद केला.

"आजी, कोड कुणाला दिलास?"

"बाजारातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. बर्फ वाटून घेतो, मग हा का नको?"

"अगं, तो फक्त आपला असतो! कुणीतरी पुढे पाठवला बघ."

ग्रुपवर विचारलं, तर जी ती म्हणे, मी नाही.

नवा कोड चालू होईपर्यंत दुपार झाली. पापलेट तसंच पडून. चूक माझीच, कबूल.

पण वीस वर्षं ज्यांना मासळी साफ करून दिली, ती गिऱ्हाइकं मेसेज नाही म्हणून फिरकलीच नाहीत. म्हातारी आजारी पडली का, एवढंही कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकांनो, मशीनचं सोडा, माझा फोन नंबर तुमच्याकडे आहे ना?