संक्रांतीच्या हळदीकुंकवात लावलेला कूलर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कूलर लावला होता. वीस-बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय, पण कळंबात माझी ओळख आता तेवढीच उरली आहे.

त्या हिवाळ्यात अख्खं गाव शेकोटीला चिकटलं होतं आणि मी मात्र उकडून निघत होते. वय शेहेचाळीस. पाळी दोन महिने गायब, मग एकाच महिन्यात दोनदा हजर. मध्येच छातीतून आगीचा लोळ उठायचा, तो थेट टाळूपर्यंत! घामाने ब्लाउज ओला, काळीज धडधडतंय, आणि चिडचिड तर अशी की फोडणीतली मोहरी तडतडली तरी मी तिच्यावर ओरडायचे. (विज्ञानाच्या बाईंना हे कळू नये? पण बाईच्या शरीराचं पान आलं की मी मुलींना "घरी वाचून या" म्हणायचे. मी स्वतः घरी कधीच वाचलं नव्हतं.) आतून मी पार घाबरले होते. हे हृदयाचं दुखणं आहे की मला वेड लागतंय, एवढंच कोणीतरी नीट सांगावं, इतकीच माझी मागणी होती.

आधी नवऱ्याला सांगितलं.

"गॅस झाला असन. ओवा खाय."

यांच्या मते पोटदुखी, गुडघेदुखी आणि सोयाबीनचा पडलेला भाव या तिन्हींचं मूळ गॅस. ओव्याची बरणी संपली, लोळ संपेना. मग हे मला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुखणं माझं नाही, यांचंच आहे, अशा थाटात त्यांनी यांनाच विचारलं, "वय किती बाईचं?"

"शेचाळीस."

"होतेच मग!" झालं निदान! "सलाईन लावून देतो. ताकद येते."

ताकद कसली येते! बाटलीभर पाणी अंगात गेलं आणि मी दर अर्ध्या तासाला मोरीकडे धावत सुटले.

शेजारच्या प्रमिलाताईंना माझी दया आली. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. काळा गॉगल लावलेला एक इसम सांगत होता, चाळिशीनंतर बायकांनी रोज मेथ्या खाव्यात, गर्भाशयाची गर्मी निघून जाते. लगेच पुढच्या व्हिडिओत दुसरा इसम म्हणे, मेथ्या म्हणजे बायकांना साक्षात विष! ज्यांच्या सात पिढ्यांत कोणा पुरुषाला गर्भाशय नव्हतं, ते त्याच्या गर्मीवर असे बोलत होते जणू शेजारच्या खोलीत राहून आलेत. मी दोघांचंही ऐकलं. एक दिवस मेथ्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा पश्चात्ताप केला.

तशात आलं हळदीकुंकू. बैठकीत वीस-पंचवीस बायका, सगळ्या स्वेटर-शालीत गुंडाळलेल्या. मधोमध हळदीची आणि कुंकवाची ताटं, शेजारी तिळगूळ, वाणाला चहाची गाळणी. आणि कोपऱ्यात कूलर! आमच्या घरात त्याला ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून उन्हाळा संपला की सासूबाई त्याला जुनं लुगडं नेसवून तिथेच उभा करतात.

मी प्रमिलाताईंना कुंकू लावायला वाकले आणि लोळ उठला. डोळ्यांपुढे अंधारी आली. कोणाची तरी शाल माझ्या हाताला लागली आणि त्या लोकरीच्या नुसत्या स्पर्शानं माझं डोकं फिरलं. मी उठले, कूलरचं लुगडं ओढलं आणि बटण दाबलं. तेही फुल्ल!

गेल्या उन्हाळ्याच्या वाळ्याचा भुसा आधी उडाला. पाठोपाठ हळदीचं ताट उडालं, मग कुंकवाचं. क्षणभर बैठकीत काहीच दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा पंचवीस सवाष्णींना एकदमच हळदीकुंकू लावून झालं होतं... कपाळापासून पदरापर्यंत! प्रमिलाताईंचे पांढरे केस शेंदरी झाले होते. आणि मी कूलरपुढे डोळे मिटून, हात पसरून उभी होते. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

"माय व!" सासूबाई किंचाळल्या. "पौषात कूलर काहून लावला व?"

"आई, मले लय गरम होऊन राह्यलं!" एवढं बोलून मला रडूच फुटलं.

मग लालपिवळ्या तोंडांनी निदानं सुरू झाली.

"बाहेरचं असन. उतारा टाका."

"नाही व, दिवस गेले असतीन!" (माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती.)

"बीपी हाये. मीठ बंद करा."

सासूबाईंनी मात्र आधी कूलर बंद केला. मग हळूच म्हणाल्या, "मले बी असंच होये. दोन वर्सं कवाडामागं जाऊन पदरानं वारा घेतला. कोणाले सांगतलं नाही."

"मग मले तरी सांगायचं होतं, आई!"

"तू तं इज्ञान शिकवतं बाप्पा! मले वाटलं, तुले ठाऊक असन."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेकाला फर्मावलं, "यवतमाळले ने तिले. बाई डॉक्टरकडं. अन् तू बाहेर बस."

त्या डॉक्टरबाईंनी प्रश्न मला विचारले आणि उत्तरं माझीच ऐकली, हाच मला मोठा चमत्कार वाटला. रक्तदाब पाहिला, रक्त आणि थायरॉईड तपासायला दिलं, हृदयाची पट्टी काढली. "पाळी जायच्या आधी असं होतं, काही वर्षंही चालतं. वेड नाही, हृदय ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण 'होतंच' म्हणून सोसायचं नाही. यावर औषधं आहेत, तपासून देऊ. फार रक्त गेलं, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा दिसलं, तर लगेच यायचं." मी तिथेही रडले, पण सुखानं. बाहेर बसलेल्या यांना वाटलं, गॅसच निघाला.

त्यानंतर मी गावाची स्वयंघोषित तज्ज्ञ झाले. कोणी पदरानं वारा घेतला की तिला गाठून समजावायचे. पावसाळ्यात एकदा प्रमिलाताई आल्या.

"सुनिता, अंग तापून राह्यलं व. थंडी वाजते, मंग घाम फुटते."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. "वय किती तुमचं?"

"एक्कावन."

"होतेच मग!" मी म्हणाले, त्यांना कूलरपुढे बसवलं आणि पाळीवर सविस्तर व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं.

तिसऱ्या दिवशी प्रमिलाताईंना मलेरिया निघाला. रक्त तपासून तो शोधला आमच्या त्याच सलाईनवाल्या डॉक्टरांनी. "इतके दिवस घरी काहून काढले?" असं त्यांनी रागावून विचारलं, तेव्हा प्रमिलाताई कुडकुडत म्हणाल्या म्हणे, "कूलरवाल्या डॉक्टरीणबाईची ट्रीटमेंट चालू होती!"