मिरजेची शिवी, माणातला सौदा

बिरू आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि ते उठले. "लोकर इकायची न्हाई." शेजारचे धनगरही उठले. माणातल्या दहिवडीच्या बाजारात मी उभा आणि मागं माझा रिकामा ट्रक.

दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मिरजेत एका शेटकडं लोकर खरेदीला होतो. हमालीतून वर आलेला, म्हणून शेटचा विश्वास बेताचाच. निघताना बजावलं होतं, "ट्रक रिकामा आला, तर परत पोती उचलायची."

झालं होतं एवढंच. आबांच्या लोकरीच्या गाठोड्यात हात घालून बोटं चोळली, तर वाळू. कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात धुतात. न धुता कातरली की वाळू लोकरीत राहते आणि लोकरीच्या भावानं विकली जाते. मी आबांना हसत म्हणालो, "काय भाड्या, लोकर इकतोयस का नदी?"

मिरजेत हे प्रेमाचं बोलणं. ज्याला भाड्या म्हणत नाहीत, तो परका.

तणतणत हॉटेलात शिरलो. तिथं सखाराम हवालदार चहा पीत होते. लष्करातून पेन्शनीत आलेले, आता बाजारात मध्यस्थी करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गड्या, मिरजंत ही शिवी मिठासारखी. रहिमतपुरात बरोबरीच्याला चालती. हितं पिकल्या केसाला म्हणलास, मंजी काठीच. पलटणीत दर गावाची शिवी न्यारी. एकाचं लाडाचं नाव, दुसऱ्याच्या आईवर जायाचं. लय मारामाऱ्या सोडवल्या म्या."

"पण वाळू हाय!"

"आसंल. पर हितं घेणारा देणाऱ्याला बोलत न्हाई. दोगंबी मधल्याला शिव्या घालत्यात. चल, मला घाल."

हवालदारांनी आबांना हाताला धरून परत बसवलं आणि स्वतः मध्ये बसले. माझा राग अजून उतरला नव्हता. मी त्यांच्यावरच तोंड सोडलं. "भाड्या, वाळू इकायला बसलास व्हय? लाज हाय का?"

आबा हाताच्या अंतरावर. सगळं ऐकत होते. पण मधल्याला दिलेली शिवी ऐकू आली तरी आपली नसते, अशी तिथली रीत. ते ढगांकडं बघत बसले.

हवालदार त्यांच्याकडं वळले. "आबा, पाव्हणं म्हणत्यात, यंदा मेंढरं लय लोळल्याली दिसत्यात."

"तुज्या आयला हवालदार!" आबा त्यांच्यावर कडाडले. "वढ्यात पाणी कुठाय धुवायला? तुजा बाप आणून वतणार हाय का?"

हवालदार माझ्याकडं वळले. "आबा म्हणत्यात, खुशाल झाडून घ्या."

दोन्हीकडच्या शिव्या त्या माणसाच्या अंगावर पडत होत्या आणि तो शांतपणे बिडी ओढत होता. मी उभ्या जन्मात खूप दलाल पाहिले. असा एकच. लोकर झाडली. पायाशी वाळूचा ढीग पडला. आबांनी ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं नाही. उरलेली लोकर ट्रकमध्ये चढली. निघताना आबा हवालदारांना म्हणाले, "ह्या मिरजंच्या भाड्याला फुडच्या कातरणीला बी घिऊन ये."

शेटनं भरलेला ट्रक बघितला. "बघ, गोड बोललं की होतं."

मी एक शब्द गोड बोललो नव्हतो. वाळू मी पकडली, शिव्या मी घातल्या. पण पुढच्या कातरणीला शेटनं पाठवलं आपल्या भाच्याला. पोरगा मोठा गोडबोल्या. हवालदारांची गरज नाही म्हणाला. सगळ्यांना आबा-काका करत फिरला, कुणालाही वाकडं बोलला नाही. त्याचाही ट्रक भरून आला.

मिरजेत लोकर झाडली, तेव्हा निम्मी वाळूच निघाली.

शिवी ही लागतेच. फक्त ती अंगावर घ्यायला मध्ये एक शहाणा माणूस बसवावा.