उसवाआजींची फळी

गल्लीत त्यांना सगळे उसवाआजी म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलं होतं. शिवणकाम करता करता केस पांढरे झाले, पण दुसऱ्याच्या हातची शिवण त्यांनी कधी जशीच्या तशी ठेवली नाही. दुकानातला नवाकोरा शर्ट घरात आला की आधी उलटा व्हायचा, मग शिवण ओढून पाहिली जायची आणि मग कात्रीचं टोक आत शिरायचं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने हौसेने उशांचे अभ्रे शिवले. दुसऱ्या दिवशी अभ्रे उशांवरच होते, पण टाके आजींचे होते. सुनेने ते पाहिलं, गिळलं आणि पुन्हा सुई हातात धरली नाही.

सुनेलाही गल्लीने नाव दिलं होतं, शिडीवाली. वायरिंगच्या एका ठेकेदाराकडे ती मदतनीस होती. शिडी उचलायची, शिडी धरायची, वर चढलेल्या वायरमनला पक्कड द्यायची आणि खाली पडलेले तारांचे तुकडे झाडून काढायचे. वरचं सगळं काम तिला खालून पाठ झालं होतं. कोण स्क्रू अर्धवटच पिळतो, कोण दोन वायरी एकाच भोकात कोंबतो, हे तिला दिसायचं. पण शिडी धरणारीचं मत विचारतो कोण? ठेकेदार मात्र माणूस सरळ. "परीक्षा पास हो, परवाना आण, मी स्वतः तुला वर चढवतो," तो म्हणाला. "त्याशिवाय वायरीला हात लावू देणार नाही."

म्हणून ती संध्याकाळच्या प्रशिक्षण वर्गाला जाऊ लागली आणि पहिल्याच परीक्षेत आपटली. वायरिंग तिने सुरेख केलं होतं. पण तपासणीसाठी जो तयार बोर्ड दिला, त्यात मुद्दाम घातलेला दोष तिला सापडेना. घड्याळ पुढे सरकलं तसं तिच्या तोंडचं पाणी पळालं. दिसेल तो स्क्रू सोडवला, दिसेल ती वायर उपटली आणि सगळं घाईघाईत परत जोडलं. परीक्षकांनी बोर्ड पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, उघडलात तेव्हा यात एक दोष होता. आता तीन आहेत." बाकीचे हसले. ती घरी आली ती मान खाली घालूनच. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली तर शिडी जन्माची गळ्यात पडणार होती.

वर्गाच्या सरांनी घरी सराव करायला सांगितलं, पण मेन लाइनला काहीही न जोडता. तिने प्लायवूडची एक फळी आणली. तिच्यावर दोन बटणं, एक प्लगची जागा, दिव्याचा होल्डर आणि फ्यूज बसवला, सगळं वायरींनी जोडलं. तपासायला एक छोटा मीटर होता. त्याची दोन टोकं वायरीच्या दोन टोकांना लावायची. वाट सलग असली की मीटर 'पीं' करायचा, तुटलेली असली की गप्प. एवढं झालं, पण आपणच घातलेला दोष आपल्याला कसा सापडणार? चोर दुसरा हवा. तिने नवऱ्याला गळ घातली. नवऱ्याने डावीकडचा पहिला स्क्रू ढिला केला. दुसऱ्या दिवशीही तोच केला, तिसऱ्या दिवशीही तोच.

"अहो, तुमचे दोष शोधायला मीटर कशाला लागतो?" ती वैतागून म्हणाली.

शिवणयंत्रावरची मान वर न करता आजी म्हणाल्या, "त्याला लहानपणीसुद्धा काही लपवता यायचं नाही. आण ती फळी इकडे."

सुनेच्या मनात आलं, आधी परीक्षकांनी खोड काढली, आता घरातही बसून काढून घ्यायची! पण आजींनी फळी मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कुठून काय येतं आणि कुठे जातं, ते मला समजेल असं सांग." सून सांगत गेली. आजी प्रत्येक वायरीवरून बोट फिरवत, "मग इथून?" "आणि ही कशाला?" असं विचारत राहिल्या. सांगता सांगता सुनेला दोन ठिकाणी आपलंच नीट कळलं नव्हतं, हे कळलं. मग आजी फळी घेऊन आत गेल्या.

त्या दिवसापासून सुनेची झोप उडाली. आजींचे दोष म्हणजे लबाडीचा कळस. शर्टाच्या पाकिटातली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी कापून त्यांनी तांब्याच्या टोकाभोवती गुंडाळली. वरून स्क्रू घट्ट, वायर चकचकीत आणि मीटर गप्प. एकदा त्यांनी बटणाकडे आणि होल्डरकडे जाणाऱ्या दोन वायरींची अशी अदलाबदल केली की दिवा नेहमीसारखाच लागला असता, पण बटण बंद केल्यावरही होल्डरमध्ये करंट राहिला असता. सून हरली की आजी गालातल्या गालात हसत यंत्राकडे वळायच्या. एकदा तिने रागाने पेचकस आपटला.

"उसवू नकोस लगेच," आजी म्हणाल्या. "मी कपड्याला कात्री लावते तेवढीच तुम्हाला दिसते. आधी बघायचं. मग ओढून बघायचं. हाताला पटलं, तरच उसवायचं. तू बघायच्या आधीच कात्री घेतेस."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेने पेचकस बाजूला ठेवला आणि ती आजींसारखी बघायला शिकली. पट्टी सापडू लागली, उलटे जोड सापडू लागले. मग आजींनी आपला हुकमाचा पत्ता काढला. एक वायर त्यांनी एकाच जागी वाकवून वाकवून आतली तार तोडली, वरचं प्लास्टिक मात्र अखंड. सुनेने वायर बोटांतून सोडली. एका जागी ती नको इतकी मऊ वाकली. मीटर लावला, तर गप्प. "इथे!" ती ओरडली, आणि नवरा जेवता जेवता दचकला. आजींनी कपाळाला हात लावला, पण चेहरा फुलला होता.

परीक्षेच्या दिवशी तेच परीक्षक होते. "बोर्ड तपासा आणि काय ते सांगा," एवढंच म्हणाले. तिने आधी मीटरची टोकं एकमेकांना लावून मीटर बोलतो ना, ते पाहिलं. मग बोर्डाकडे नुसतं बघितलं. मग एकेक वायर हलकेच ओढली, बोटांतून फिरवली. मग मीटर लावला. सगळीकडे पीं. शेजारच्याने विजयी चेहऱ्याने हात वर केला, त्याला त्याच्या बोर्डातला दोष सापडला होता. तिचा हात पेचकसाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने सगळं पुन्हा एकदा तपासलं, तेवढ्याच सावकाश. पुन्हा सगळीकडे पीं. तेव्हा तिच्या मनात आलं, उसवाआजींनी लपवलेलं मला सापडतं. इथे काही असतं, तर ते सुटलं नसतं.

"सर, यात दोष नाही."

"नक्की? वेळ आहे अजून. उघडून बघा हवं तर."

"नको सर. उघडायची गरज नाही. चालू करून बघा."

परीक्षकांनी बोर्ड विजेला जोडला, बटण दाबलं. दिवा लख्ख लागला. दाबलं, विझला. प्लगही चोख. ते पहिल्यांदाच हसले. "या बोर्डाने आज चौघांना बुडवलं," ते म्हणाले, "त्यांनी नसलेला दोष शोधून काढला." तिने तिथेच डोळे पुसले, लाजबिज काही वाटली नाही.

घरात पाऊल ठेवायच्या आत आजींनी विचारलं, "काय घातलं होतं त्याने?"

"काहीच नाही, आई. चांगला बोर्ड दिला होता."

आजी चिडल्याच. "म्हणजे दोष न घालणं हाच दोष? आणि हे मला सुचलं नाही! शेरास सव्वाशेर निघाला की गं तो!" आणि मग दोघी हसत सुटल्या, इतक्या की नवऱ्याला दोघींना पाणी आणून द्यावं लागलं.

परवाना हातात आला आणि ठेकेदाराने शब्द पाळला. पण शिडीवालीचं पहिलं काम त्याच्या साइटवर झालं नाही. शिवणयंत्रावरचा दिवा कित्येक वर्षं लुकलुक करत होता, बोलावलेल्या कुणाचंच काम आजींना पसंत पडलं नव्हतं. सुनेने मेन स्विच बंद केला, वीज गेल्याची खात्री केली आणि स्टुलावर चढली. स्टूल आजींनी दोन्ही हातांनी धरलं. नवी वायर, नवा होल्डर, नवं बटण. काम झाल्यावर ती खाली उतरली, आणि आजी वर मान करून बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग वायरीचा खालचा पदर बोटांत धरून एकदा ओढून पाहिला.

आजींनी वायर सोडली, मेन स्विच चालू करायला सांगितला, दिवा लावला आणि त्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायला बसल्या.