साखर चहाला आणली होती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानाही एवढं एक सोडूनच बोलते — जसं काही त्याला ठाऊक नसेल! आज तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाहीत म्हणून असेल. नाहीतर आता आतल्या आत धरून ठेवायचा कंटाळा आला म्हणून असेल. बघा, सुरुवातच कशी डळमळीत झाली.

आधी घराचं सांगते. मूळ गोष्ट टाळायला सांगते असं समजू नका — म्हणजे थोडं टाळतेच आहे — पण सगळा घोळ घरापासूनच सुरू होतो.

मी धाराशिवला एका शाळेत क्लार्क होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले लिहिले. आमचे हे होते तेव्हा आम्ही गावाबाहेर, बेंबळीच्या रस्त्याला, दोन गुंठे घेऊन घर बांधलं. तेव्हा तिकडं सगळी ज्वारीची रानं होती. वास्तुशांतीला आलेली माझी जाऊ जेवून उठल्यावर म्हणाली, "इतक्या लांब कोण येणार गं तुमच्याकडं?" मला ते इतकं लागलं होतं की पुढं दोन वर्षं मी तिच्याशी सरळ बोलले नाही. असा माझा स्वभाव.

मग रस्ता रुंद झाला. दवाखाने आले, शाळा आल्या. रानात चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, आणि बघता बघता आमची कॉलनी गावात आली. हे तोवर गेले होते. मी एकटी. संध्याकाळी आम्ही चार बायका माझ्या दारच्या कट्ट्यावर बसायचो. आधी सुनांवर बोलणं व्हायचं, मग घरांच्या भावावर. पलीकडच्या गल्लीतलं घर केवढ्याला गेलं, ते कुणीतरी सांगायचं आणि आम्ही सगळ्या एका सुरात, "अगंबाई!" मी तीस वर्षं खाली मान घालून काम केलं, तरी माझा पगार कधी असा वाढला नाही. घर नुसतं जागेवर बसून वाढत होतं. मी आत जाऊन भिंतीवरून हात फिरवायची. खरं सांगते, फार बरं वाटायचं.

मला घर विकायचं नव्हतं बरं का. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढं माझं मलाच त्याचं गणित लागत नाही.

माझ्या भिंतीला लागून अप्पांचं घर होतं. अप्पा उमरग्याचे, किराण्याचे जुने व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, घरी कानडी आणि बाहेर मराठी. मला अक्का म्हणायचे. स्वतः तिकडंच राहायचे आणि इथलं घर भाड्यानं दिलेलं. त्यात बालाजी आणि सुनंदा राहायचे, आठ वर्षं. बालाजी भूमकडचा, मोटारसायकलींच्या गॅरेजात मिस्त्री. सुनंदा सास्तूरची, घरी ब्लाऊज शिवायची. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडात जन्मलेली पोर ती. तिचं एकच टुमणं — आपल्या भिंतीत आपल्याला विचारून खिळा ठोकायचा. कॅलेंडर लावायचं असलं तरी ती उमरग्याला फोन करून अप्पांना विचारायची. अप्पा म्हणायचे, "ठोक गं माय." तरी पुढच्या खिळ्याला पुन्हा फोन.

दर रविवारी ती दोघं गाडीवर बसून प्लॉट बघायला जायची. आली की सुनंदा कुंपणावरूनच मान हलवायची, नाही म्हणून. गॅरेजचा मालक पगार वाढवायचा तो दिवाळीला, तोही तोंड वाकडं करून. प्लॉटच्या भावाला मात्र दिवाळी लागत नव्हती. एकदा बालाजी हसत म्हणाला, "काकू, आमी एक पाऊल टाकलं की भाव चार टाकतोय. रेसच लागलीया." हसत म्हणाला खरा, पण हातातली किल्ली गरगरा फिरवत होता. मला वाईट वाटलं होतं. अगदी मनापासून वाटलं होतं. मग तेच मन नंतर कुठं गेलं?

आता येते त्या दिवसावर.

श्रावणातला सोमवार होता. अप्पा देवदर्शन करून माझ्याकडं आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, दोघांना हाक मारा. ती आली. अप्पा म्हणाले, "मला आता इथं हेलपाटे होत नाहीत. घर काढायचंय. पण तुमी आठ वर्षं माझं घर पोटच्या लेकरासारखं सांभाळलं. मला बाजारचा भाव नको. मी सांगतो तेवढं जमवा, दिवाळी झाली की नावावर करून देतो." आणि त्यांनी आकडा सांगितला. बाजाराच्या निम्म्याच्या आसपास. सुनंदानं पदर तोंडाला लावला. 

मग अप्पा माझ्याकडं वळले. "अक्का, घरातली साखर आणा." त्यांच्याकडची रीत अशी — बोलणं ठरलं की देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि तिसऱ्या बघणाऱ्याच्या हातावर साखर. तिघांनी खाल्ली की तिघंही बांधले गेले. मी आतून डबा आणला. अप्पांनी चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्या हातावर ठेवताना म्हणाले, "तुमी साक्षीला." मी खाल्ली. माझ्याच डब्यातली साखर, मीच खाल्ली.

कागद झाला नाही. इसाराची पावती नाही, काही नाही. बालाजीच्या मनात असणार, पण ज्या माणसानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला त्याच्याकडं कागद मागायचा कसा? इथं कुणी मागत नाही. मागणं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणणं. आणि साखर तर झाली होती ना.

दुसऱ्याच दिवशी सुनंदानं न विचारता खिळा ठोकला. भिंत एकच, त्यामुळं मला ठोके ऐकू आले. आणि मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही? मी कितीदा विचारलंय स्वतःला. मी पै-पै करून घर केलं आणि हिला असं ओंजळीत मिळालं, म्हणून? की अप्पांनी माझ्यासमोर तो आकडा सांगितला, म्हणून? कारण सारखं एकच मनात यायचं — शेजारचं घर एवढ्याला गेलं, तर उद्या माझ्याही घराला तेवढंच म्हणतील. कट्ट्यावर बायका काय बोलतील? "त्यांच्या गल्लीत काय, निम्म्यानं जातंय." अहो, पण विकायचंय कुणाला? कुणालाच नाही. तरी पोटात दुखायचं ते दुखायचंच.

दिवाळीच्या आधी अप्पा गेले. सकाळी पूजेला बसले आणि तिथंच कलंडले. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा मल्लिनाथ आला. तो वाईट असता तर मला केवढं सोपं झालं असतं! पण तो बापासारखाच निघाला. माझ्या ओट्यावर बसला. समोर बालाजी आणि सुनंदा उभी. तो म्हणाला, "काकू, हे म्हणतात अप्पांनी शब्द दिला होता. मला अप्पा काही बोलले नव्हते. पण दिला असंल तर मी मोडणार नाही, तोटा झाला तरी चालंल. तुमी तिथं होता म्हणे. तुमी सांगा, मी तेवढ्यावर उठतो."

ऐकलंत ना? तेवढ्यावर. माझ्या एका 'हो'वर.

मी काय म्हणाले ते आता सांगायलाच पाहिजे. मी म्हणाले, "मी आत चहा करत होते रे. यांचं बाहेर काय बोलणं झालं, मला नीट ऐकू आलं नाही."

 मग सुनंदा हळूच म्हणाली, "काकू... साखर तुमीच आणली की वो."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. विसरले होते, आत्ता आठवलं, म्हणाले असते तर कोण मला फाशी देणार होतं? जीभ आपोआप चालली. मी म्हणाले, "साखर? ती चहाला आणली होती."

बालाजीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. सुनंदानं त्याचा शर्ट मागून धरला. ती माझ्याकडं रागानं बघत होती का? नाही. शिवण उसवली तर ती जसं निरखून बघायची, तसं बघत होती. मल्लिनाथनं दोनदा विचारलं, "काकू, नक्की ना?" मी दोनदा मान हलवली. तो उठला.

घर बाजारभावानं गेलं. बाजारापेक्षा चार पैसे जास्तच म्हणा. नव्या मालकानं पेढे वाटले, तेही मी खाल्ले. कट्ट्यावर त्या दिवशी आमच्या गल्लीचंच नाव. "आता तुमचं घर कुठल्या कुठं गेलं हो!" मी हसले. पण आत जाऊन भिंतीवर हात ठेवला, तर काहीच वाटलं नाही. त्यासाठीच तर केलं होतं ना मी? मग काहीच कसं वाटलं नाही?

ती दोघं बेंबळीला गेली भाड्यानं. बालाजी रोज गाडीवर ये-जा करतो. टेम्पोत सामान भरताना सुनंदानं भिंतीतला खिळा काढून भोक साबणानं बुजवलं होतं, असं नवा मालक कौतुकानं सांगत होता.

आता माझ्या मुलीचं. मनीषा विनाअनुदानित शाळेवर शिकवते. पगार आहे, पण तो पगार म्हणावा असा नाही आणि वर्षानुवर्षं तेवढाच. जावई खासगीत. माझ्या घरी येऊन राहा म्हटलं तर जावयाला सासूच्या घरात राहायचं नाही. त्यांना माझ्याजवळ, याच कॉलनीत, दोन खोल्या घ्यायच्या होत्या. गेलं वर्षभर हिंडत होती. एक दिवस येऊन मटकन बसली आणि म्हणाली, "आई, ते अप्पांचं घर तेवढ्याला गेलं ना, तेव्हापासून सगळे त्याच्या वरच बोलतात. कुणी वाढवून ठेवला गं हा भाव?" मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

नाही, माझ्या एकटीमुळं भाव वाढला असं मी म्हणत नाही. एवढी मोठी मी नाही. सगळीकडंच वाढतोय, सगळ्यांचेच पगार मागं राहतायत, मी 'हो' म्हणाले असते तरी वाढलाच असता. पण म्हणून काय झालं? एक घर तरी माझ्या हातात होतं. आणि मला ते नको होतं, विकायचं नव्हतं, काही काही नव्हतं. हावरटपणा म्हणावा, तर मिळालं काय? जळफळाट म्हणावा, तर त्या पोरीवर माझा जीव होता. आजही आहे. मला खरंच कळत नाही हो.

इथं संपवता आलं असतं. पण अजून एक आहे, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट आहे.

सुनंदा अजून माझे ब्लाऊज शिवते. मी दिले नव्हते, तीच एकदा येऊन माप घेऊन गेली. मागच्या पावसाळ्यात शिवलेले घेऊन आली. चहा घेतला. उठता उठता दारात थांबली आणि म्हणाली, "काकू, एक इचारू? तवा तुमाला खरंच ऐकू आलं न्हवतं ना? ह्यांच्या मनात अजून हाय वो. म्या लई येळा सांगते, काकू खोटं बोलायच्या न्हाईत, त्यांना ऐकूच आलं नसंल."

तिनं दार उघडून ठेवलं होतं माझ्यासाठी. मला फक्त बाहेर पाऊल टाकायचं होतं.

मी उजव्या कानाला हात लावला. म्हणाले, "हो गं. या कानानं तेव्हापासूनच कमी येतं मला."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "म्या म्हनलंच हुतं," म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.

तेव्हापासून ती माझ्याशी मोठ्यानं बोलते. परवाही आली होती. बेंबळीच्या मालकानं भाडं वाढवलंय, आता भूमला परत जायचं म्हणतात, एवढंच सांगायचं होतं तिला. पण माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगत राहिली. मधेमधे थांबून विचारायची, "आलं का ऐकू, काकू?"

मी मान हलवत होते. सगळं ऐकू येत होतं मला. त्या दिवशीही आलं होतं.